बर्फाची लादी, दीडची वायर आणि रात्री दोनला बंद पडणारा फ्रीज : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लांबच्या प्रवासासाठी गाडीत कोणता फ्रीज घ्यावा, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रागावलेली आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचे आक्षेप चार. बर्फात भागत असताना लोकांना महागडा काँप्रेसर फ्रीज घ्यायला लावणं चूक आहे. मेहुण्याकडचा सहा हजारांचा बारा व्होल्टचा कूलर मस्त चालतो. तुमचा स्वतःचा ४० लिटरचा फ्रीज भरलेल्या बॅटरीवर रात्री दोनला बंद पडला, म्हणजे फ्रीजला दिवसाला ३० एएच (अँपिअर-तास, बॅटरीतल्या विजेचं माप) लागतात हा लेखातला आकडा खोटा. आणि घ्यायचाच तर ६० लिटरचा का नको? यांपैकी दोन आक्षेपांत तथ्य आहे, उरलेल्या दोहोंत नाही. आधी रात्री दोनचा प्रश्न घेतो, कारण बाकीची निम्मी उत्तरं त्यात आहेत.

तुम्ही लिहिलंय की बॅटरी प्रोटेक्शन (व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की फ्रीज बंद करणारं सेटिंग) ‘हाय’वर होतं, फ्रीज डिकीतल्या सॉकेटला जोडला होता, सकाळी बॅटरीवर १२.५ व्होल्ट दिसले आणि फ्रीजवर मात्र बॅटरी उतरल्याची खूण. एवढ्यावरून बॅटरीही सुटते आणि फ्रीजही. संशय जातो तो मधल्या वायरवर.

फ्रीज बॅटरीचं व्होल्टेज मोजत नाही, स्वतःच्या दाराशी पोचलेलं मोजतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत वायर साधारण ५ मीटर धरा, जाऊन-येऊन १०. काँप्रेसर चालू असताना फ्रीज ४ ते ५ अँपिअर ओढतो, ५ धरू. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत एवढ्या अंतरावर जवळजवळ ०.६ व्होल्ट वाटेतच जातात. पाऊणची असेल तर १.१. कंपनीच्या सॉकेटला निगेटिव्ह बॉडीतून परत येतं, त्यामुळे ही गळती थोडी कमी होते, पण सॉकेटमधली सैल स्प्रिंग आणि फ्यूजची काळवंडलेली टोकं ती कसर भरून काढतात. आता काही फ्रीजमध्ये ‘हाय’ म्हणजे ११.१ व्होल्टला बंद, काहींमध्ये ११.८ ला. तुमचा दुसऱ्या जातीचा दिसतोय. बॅटरीवर १२.४, फ्रीजपाशी ११.७, काँप्रेसर बंद. बंद झाल्याक्षणी करंट शून्य, म्हणून गळतीही शून्य, आणि फ्रीजला पुन्हा १२.५ दिसायला लागतात. पण अशा मॉडेलना परत सुरू व्हायला १२.६ च्या आसपास लागतात. ते इंजिन सुरू होईपर्यंत मिळत नाहीत. तुमचं दही रात्रभर गरम होत राहिलं ते या एक दशांश व्होल्टपायी.

खात्री करायची तर साधा मल्टिमीटर पुरे. इंजिन बंद, काँप्रेसर चालू. एक मोजणी बॅटरीच्या दोन खांबांवर, दुसरी फ्रीजच्या प्लगपाशी. फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आला तर वायर बदला, फ्रीज नाही. काँप्रेसर बंद असताना मोजलंत तर दोन्हीकडे सारखंच दिसेल. सर्व्हिस सेंटरवाल्यांना ‘काही दोष नाही’ असं वाटतं ते बहुतेक वेळा याचमुळे.

सुधारणा अशी. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून थेट सहा स्क्वेअर एमएमची वायर ओढा, त्यात गळती ०.१५ च्या आत राहते. बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज हवाच, कारण फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, फ्रीजच्या नव्हे. फ्रीजपाशी लावला तर वाटेत घासून शॉर्ट झालेल्या वायरीला तो काय वाचवणार? फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) नेताना भोकाला रबरी ग्रोमेट म्हणजे कडं, पुढे कॉरुगेटेड पाइप, टोकांना क्रिंप केलेले, म्हणजे दाबून बसवलेले लग. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी खडखडाटाच्या रस्त्यावर आठवड्यात सैल होते. डिकीत सिगारेट-लायटरचं सॉकेट पुन्हा लावू नका, ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर (एकमेकांत घट्ट बसणारी जाड जोडणी) लावा. लायटरचा प्लग मुळात लायटरसाठी आहे. तो हादऱ्याने बाहेर सरकतो, टोकाशी तापतो आणि त्याचं प्लास्टिक वितळतं. गाडीला स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय) असेल तर निगेटिव्ह बॅटरीच्या खांबाला न जोडता चेसिसवर घ्या. खांबावर बसलेला सेन्सर येणारा-जाणारा करंट मोजत असतो. त्याला वळसा घातला तर गाडीचा हिशोब चुकतो.

‘लो’वर टाकून काम भागेल असं खाली एकाने सुचवलंय. कृपया गाडीच्या बॅटरीवर ते करू नका. ‘लो’ म्हणजे १० व्होल्टच्या आसपास, आणि तिथवर गेलेली लेड-ॲसिड बॅटरी सकाळी डिझेल इंजिन फिरवणार नाही. ‘लो’ आहे ते दुसऱ्या, वेगळ्या बॅटरीसाठी.

आता तो ३० एएचचा आकडा. इथे तुमचं अर्धं म्हणणं मान्य. ४५ वॅटचा काँप्रेसर तासातली वीसेक मिनिटं चालला तर दिवसाला साधारण ३६० वॅट-तास, म्हणजे ३० एएच. हे गणित ३०-३२ अंशांच्या हवेचं आहे आणि लेखात तसं लिहायला हवं होतं, ते राहिलं. मे महिन्यात उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत ५५ अंश सहज होतात. तिथे काँप्रेसर थांबतच नाही. अकरा ते पाच या सहा तासांत २२ एएच गेले, म्हणजे दिवसाच्या शिध्यातला तीन चतुर्थांश दुपारीच संपला. ७० एएचच्या बॅटरीतून निर्धोकपणे निम्मंच घ्यायचं असतं, तेव्हा रात्रीसाठी उरलं काय? चालत्या गाडीत हा प्रश्न येत नाही, एका जागी दोन दिवस मुक्काम केला की येतो.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात: गरम सामान. ३५ अंशांचं १० लिटर पाणी ५ अंशांवर आणायचं तर त्यातून सुमारे ३५० वॅट-तासांची उष्णता काढावी लागते. काँप्रेसरला त्यासाठी अंदाजे २० एएच मोजावे लागतात. टपरीवरून घेतलेल्या कोमट बाटल्यांचा एक क्रेट म्हणजे दिवसाची बहुतेक वीज. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फ्रीज घरच्या विजेवर चालवून, सामान घरच्या फ्रीजमध्ये गार करून मगच भरावं. त्यात गोठवलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या टाकल्या तर पहिल्या दुपारी काँप्रेसरला बराच आराम मिळतो.

मेहुण्यांच्या कूलरबद्दल. तो थर्मोइलेक्ट्रिक आहे, म्हणजे त्यात काँप्रेसर नाही, पेल्टिअरची चकती (वीज दिली की एका बाजूने गार, दुसऱ्या बाजूने गरम होणारी) आणि पंखा. तो बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते २० अंश खाली नेतो, त्यापलीकडे नाही. पुण्यात डिसेंबरात २५ अंशांना तो खरंच मस्त चालतो. तोच जैसलमेरला ४५ अंशांत आतलं दूध २५-३० अंशांवर ठेवतो, आणि तेवढ्या तापमानाला दूध नासायचं ते नासतंच. स्वस्त मॉडेलमध्ये थर्मोस्टॅटही नसतो, त्यामुळे ४ अँपिअर अखंड चालू, दिवसाला जवळजवळ १०० एएच. खरेदीत वाचलेले पैसे तो बॅटरीकडून वसूल करतो. गॅसवर चालणारे ॲबसॉर्प्शन फ्रीज शांत असतात, पण त्यांना जवळजवळ सपाट जमीन लागते. घाटातल्या गाडीचं ते काम नव्हे.

बर्फाच्या बाबतीत मात्र तुमचंच खरं, एका मर्यादेपर्यंत. एक किलो बर्फ वितळताना ९३ वॅट-तास उष्णता घेतो. ५ सेंटिमीटर जाड फोमच्या ४० लिटरच्या चांगल्या खोक्यात बाहेर ३५ अंश असताना दिवसाला साडेतीन-चार किलो बर्फ लागतो, पातळ भिंतीच्या खोक्यात दुप्पट. दोन दिवसांच्या सहलीला हे उत्तम गणित आहे. आणि हर्णै-मालवणहून मासळी आणायची असेल तर फ्रीज नकोच, बर्फच हवा. वितळता बर्फ बरोबर शून्य अंशावर असतो आणि चुरा केला तर सुरमईला चारी बाजूंनी भिडतो. फ्रीज ४ अंशांवर, तोही हवेतून गार करणार. मासळीला तो चार अंशांचा फरक चांगलाच जाणवतो. खोक्याचं पाणी मात्र काढत राहा, पाण्यात भिजलेला मासा बेचव होतो.

पण मनाली-लेह-स्पिती असा बारा दिवसांचा प्रवास घ्या. ४५-५० किलो बर्फ लागणार, आणि वाटेत रोज मिळेल याचा भरवसा नाही. बारालाचा ला वर जूनमध्ये रस्त्याकडेला बर्फाच्या भिंती असतात, पण तिथे कुणाला काय गार करायचंय! उलट सरचूला रात्री पारा शून्याखाली गेला की फ्रीज काहीच करू शकत नाही. तो गार करतो, ऊब देत नाही. इन्सुलिन बरोबर असेल तर हे लक्षात ठेवाच: त्याला २ ते ८ अंश लागतात आणि एकदा गोठलं की फेकूनच द्यावं लागतं. फ्रीजमध्येही ते थंड भिंतीला चिकटवून नको. मधोमध, डब्यात, कापडात, आणि सेटिंग ५ अंश. पडद्यावरचा आकडा सेन्सरच्या जागेचा असतो, वर आणि तळाशी तीन-चार अंशांचा फरक नेहमीचाच. पाण्याच्या ग्लासात बुडवलेला दोनशे रुपयांचा थर्मामीटर जास्त खरं बोलतो. त्याच थंडीत दुसरी लिथियमची बॅटरी असेल तर शून्याखाली ती चार्ज करायची नसते. बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) अडवलं नाही तर सेल कायमचे खराब होतात.

आता साठ लिटर. त्यात काय ठेवणार, याची यादी आधी करा. कांदे, बटाटे, अंडी, टेट्रापॅकचं दूध यांना फ्रीज लागत नाही. उरतं दही, लोणी, पनीर किंवा मटण, शिजवलेलं अन्न, औषधं. दोघांना ३० ते ४० लिटर, चौघांना ४५-५० पुरतात. लिटर वाढले की भिंतींचं क्षेत्रफळ वाढतं, म्हणजे उष्णतेला आत यायला जागा वाढते. मारुती जिम्नीची डिकी मागची सीट उभी असताना २०८ लिटरची. त्यात ६० लिटरचा फ्रीज ठेवला तर स्टोव्ह छपरावर. शिवाय झाकण पूर्ण उघडायला वर जागा लागते, आणि स्लाइड (फ्रीज बाहेर ओढायची सरकती पाटी) लावली तर फ्रीज आणखी सहा-आठ सेंटिमीटर वर येतो. पुठ्ठ्याचा तेवढा खोका करून डिकीत ठेवून बघा, दुकानातल्या कॅटलॉगपेक्षा लवकर उत्तर मिळतं. काँप्रेसरच्या बाजूच्या जाळीपुढे चार बोटं तरी मोकळी हवीत. झोपायच्या पिशव्या तिथे कोंबल्या की फ्रीज नुसता घरघरत राहतो. भरलेला फ्रीज ४० किलोच्या घरात जातो, तेव्हा बंजी दोरी नको. फ्लोअरला एम-८ चे आय बोल्ट, खाली मोठे वॉशर आणि चार टोकांना रॅचेट पट्टे.

काँप्रेसर कोणाचा, हा तुमचा शेवटचा उपप्रश्न. सेकॉप, म्हणजे पूर्वीचा डॅनफॉसचा काँप्रेसर विभाग, याचा बीडी-३५ काँप्रेसर आणि एंजेल फ्रीजमधली सावाफुजी कंपनीची स्विंग मोटर, या दोन जाती जुन्या आणि खडखडाटात टिकलेल्या. सेकॉपच्या कंट्रोलरवर दिवा किती वेळा लुकलुकतो त्यावरून बिघाड कळतो: एकदा म्हणजे व्होल्टेज, दोनदा पंखा, तीनदा मोटर सुरू होत नाही. स्वस्त फ्रीजमधला काँप्रेसर वाईटच असतो असं नाही, पण सुटा कंट्रोलर आणि पंखा मिळतो का, हे विकत घेण्याआधी विचारा. काँप्रेसर अखंड चालतोय आणि आतल्या भिंतीच्या अर्ध्याच भागावर दव गोठतंय, तर गॅस गळलाय. अशा फ्रीजमध्ये गॅस शंभर ग्रॅमपेक्षाही कमी असतो. तो वजनकाट्यावर मोजून भरणारा मेकॅनिक शोधा. अंदाजाने भरणाऱ्याच्या हातून जास्तच भरला जातो.

तुम्ही काँप्रेसर चालू ठेवून दोन्ही ठिकाणचं व्होल्टेज मोजा आणि आकडे इथेच लिहा. वायर कोणती आहे तेही, बाहेरच्या आवरणाच्या जाडीवरून नको, छापलेला आकडा वाचून.