पाय मोजणाऱ्यांनो, जरा तोंडाकडेही बघा की

सकाळी सकाळी भाच्यानं लंडनहून एक परीक्षण पाठवलं. खाली लिहिलंय, 'आत्या, तुझा आवडता बॅले. वाच.' वाचलं. चहा उतू गेला. आता अकरा वाजायला आले, कुकर लावायचा राहिलाय, आणि माझं डोकं अजून गरमच आहे. म्हणून आधी हे लिहून टाकते.

परीक्षण 'ला बायादेर'च्या कुठल्याशा प्रयोगाचं. माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांना मी हा बॅले आधीच ऐकवून ऐकवून कंटाळा आणलाय, उरलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. निकिया ही देवळात नाचणारी मुलगी. सोलोर नावाचा एक योद्धा तिला पवित्र अग्नीपुढं शपथ देतो आणि लग्न मात्र राजाच्या मुलीशी, गमझातीशी, ठरवून बसतो. त्या साखरपुड्याच्या समारंभात नाचायला बोलावतात कुणाला, तर निकियालाच. ती नाचते. मधेच तिच्या हातात फुलांची परडी येते. तिला वाटतं सोलोरनंच पाठवली, म्हणून ती हरखते आणि नाच एकदम द्रुत होतो. परडीत साप असतो. मुख्य पुजारी औषध पुढे करतो, 'माझी हो, वाचशील' म्हणतो. ती सोलोरकडे बघते. तो गमझातीबरोबर असतो. ती औषध टाकून देते आणि मरते.

तर या परीक्षणात काय आहे? पहिला परिच्छेद कपड्यांवर. दुसरा निकियाचा पाय कानाच्या किती वर गेला यावर. तिसरा आणि चौथा सावल्यांच्या प्रवेशावर, म्हणजे मेलेली निकिया सोलोरच्या स्वप्नात येते त्यावर, त्यात उतरणीवरून येणाऱ्या मुलींपैकी एकीचा तोल किंचित गेला याला चार ओळी. आणि परडीच्या नाचाला? अर्धं वाक्य. 'समाधानकारक.'

समाधानकारक! आम्ही शाळेत प्रगतिपुस्तकावर लिहायचो तसं.

माझं म्हणणं एवढंच आहे की या बॅलेत निकिया कशी आहे ते परडीच्या नाचात कळतं. तिथं ज्याला काही दिसलं नाही त्यानं बाकी काहीही मोजत बसावं. हे मी पुस्तकं वाचून म्हणत नाही. मी हा नाच माणसानं केलेला बघितलाय. निपाणीत.

मी लहान होते, दूरच्या नात्यातल्या एका घरी लग्न होतं. हळदीच्या दिवशी यल्लम्माची जोगतीण, देवीला सोडलेली बाई, बोलावली होती. आपल्याकडं तेव्हा शुभकार्याला बोलवायचेच. डोक्यावर जग (देवी बसवलेली टोपली), गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर भंडारा. चौंडकं वाजायला लागलं आणि ती मांडवात उभी राहिली. नवरदेवाचे काका खुर्चीत बसले होते, पांढरा सदरा, पान खात. ती जोगतीण त्यांची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मला नव्हतं. मला फक्त एवढं दिसलं, की कुणीतरी बायकांतून ओरडलं, 'नाच की गं, थांबलीस कशाला,' आणि ती नाचायला लागली. जगाला हात न लावता. आणि खुर्चीकडं न बघता.

असो. परीक्षणाकडं येते.

बॅलेचे परीक्षक नाचणारीचं अंग मोजतात ही काही आजची तऱ्हा नाही. १८३८ मध्ये पुदुच्चेरीकडच्या देवदासींचा एक छोटा जथा पॅरिसला नेला होता, खऱ्याखुऱ्या, नाचणाऱ्या. त्यांच्यात अमानी नावाची एक तरुणी होती. तिच्यावर थेओफील गोतिए या त्या काळच्या नावाजलेल्या समीक्षकानं भरभरून लिहिलं, आणि त्यात तिचा रंग, तिची कातडी, तिचे डोळे, अवयव न् अवयव आहे. माणूस तसा थोर, 'जिझेल' या गाजलेल्या बॅलेच्या कथेत त्याचा हात आहे, आणि १८५८ मध्ये पॅरिसला 'शाकुंतल'चा बॅले झाला त्याचीही संहिता त्याचीच. (आपल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० चं. म्हणजे पॅरिसची शकुंतला बावीस वर्षं थोरली! हे मी सांगितलं की आमच्या ग्रुपमधल्या काही जणांना राग येतो. येऊ दे.) पण थोर असला तरी बघणं बाजारात गाय बघितल्यासारखंच.

आणि आजकालचे? २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या अ‍ॅलिस्टर मॅकॉलेनं 'नटक्रॅकर' बॅलेत शुगरप्लम परी (शुगरप्लम म्हणजे साखरेची गोळी) झालेल्या जेनिफर रिंगरबद्दल लिहिलं, की तिनं शुगरप्लम एक जास्त खाल्लेलं दिसतंय. बाई खाण्याच्या आजारातून बाहेर आलेली होती. लोक चिडले तर साहेबांचं उत्तर असं, की बॅलेत शरीर हाच विषय असतो. असतो ना! पण शरीर म्हणजे वजनकाटा का? त्या जोगतिणीचं शरीरही विषयच होतं. वाळकी, दात पुढे, पायाला भेगा. कुणी तिचं परीक्षण लिहिलं असतं तर पहिल्याच ओळीत बाद.

याचा अर्थ समीक्षकांना काहीही करावं असा नाही. २०२३ मध्ये जर्मनीत, हानोव्हरच्या ऑपेरात, तिथल्या बॅलेप्रमुखानं, मार्को गोयके त्याचं नाव, मध्यंतरात एका समीक्षक बाईंच्या तोंडाला कुत्र्याची घाण फासली. नोकरी गेली त्याची, बरंच झालं. वाईट लिहिलं म्हणून असलं काही करायचं नसतं. फेसबुकवर पोस्ट लिहायची.

आता 'तुम्ही बेळगावात बसून बॅलेवर बोलता?' हा प्रश्न. माझ्या मागच्या पोस्टवर पुण्याच्या एका सज्जनांनी तो अगदी नम्रपणे विचारला होता. बरं बाबा, थिएटरात बसून मी हा बॅले पाहिलेला नाही, टीव्हीवर बघते, कबूल. पण सीमाभागातल्या माणसाला 'तुम्हाला काय कळतंय' हे बंगळूरकडूनही ऐकायची सवय आहे आणि पुण्याकडूनही, त्यामुळं आम्ही ते ऐकून घेतो आणि आपलं काम चालू ठेवतो. दूरदर्शनवर रात्री उशिरा रशियन नाच लागायचे तेव्हापासून मी बघतेय. वडील म्हणायचे, त्या उड्या काय बघतेस, झोप. आणि स्वतःही उठायचे नाहीत टीव्हीपुढनं.

मग कुठली निकिया बघायची, हे ज्यांना खरंच हवंय त्यांच्यासाठी. १९९१ चं लंडनच्या रॉयल बॅलेचं चित्रण, त्यात पाहुणी म्हणून आलेली अल्तिनाई असिलमुरातोवा, रशियातल्या किरोव बॅलेची (आता त्याला मारिन्स्की म्हणतात). माझ्या लेखी पहिला नंबर. परडीच्या आधीच्या संथ भागात ती सगळा वेळ सोलोरशी बोलतेय असं वाटतं, आणि पाठ नुसती मागं वाकवते तेव्हा पोटात कालवतं. त्यात गमझाती झालीय डार्सी बसेल नावाची नर्तकी, लखलखीत. मग पॅरिसची इझाबेल गेराँ, नुरेयेव या रशियन नर्तकानं १९९२ मध्ये बसवलेल्या प्रयोगातली. तो स्वतः तेव्हा मरणाच्या दारात होता, पुढच्या जानेवारीत गेला. गेराँची निकिया मानी आहे, ती भीक मागत नाही. २००९ ची तमारा रोहो, रॉयलचीच, समोर कार्लोस अकोस्टा. ती जास्त संतापलेली. मला आवडते, आमच्या थोरल्या जाऊबाईंना नाही. त्यांना स्वेतलाना झाखारोवा आवडते. झाखारोवाचे पाय म्हणजे काय सांगावं, असले पाय देवानं परत बनवले नाहीत. पण मला प्रत्येक वेळी वाटतं की ती पाय दाखवायला थांबते आणि वाद्यवृंद बिचारा तिची वाट बघत बसतो.

आणि इथंच मला परत निपाणीचा मांडव आठवतो. चौंडकंवाला रंगात आला होता, लय वाढवत होता, पोरं शिट्ट्या घालत होती. ती वाढलीच नाही. पाय त्याच चालीत. तो वाढवतोय, ती आपल्या जागी. शेवटी त्यालाच खाली यावं लागलं, तिच्या लयीला. हे माझ्या तेव्हा कळण्यातलं नव्हतं, पण मांडवातल्या शिट्ट्या बंद झाल्या हे पक्कं आठवतंय. आणि काकांनी पान थुंकायला म्हणून उठून जाणंही. संथ नाचणं दोन प्रकारचं असतं. एक, माझा पाय बघा. दुसरं, मी तुमच्यासाठी घाई करणार नाही. असिलमुरातोवाचं दुसऱ्या प्रकारचं आहे. हा फरक ज्या परीक्षकाला दिसत नाही त्याला फुकटचा पास कशाला देतात कोण जाणे.

सावल्यांच्या प्रवेशाबद्दल वाईट बोलणार नाही. सोलोर अफू ओढतो आणि त्याला स्वप्नात मेलेली निकिया दिसते, एकीमागून एक पांढऱ्या मुली उतरणीवरून येत राहतात, लंडनला चोवीस, मारिन्स्कीत बत्तीस. सुंदरच आहे. मीसुद्धा गप्प होऊन बघते. पण लोकांना तो जास्त आवडतो कारण त्यात ती मेलेली आहे आणि आता तिची काही तक्रार नाही, असा माझा संशय आहे. रशियात तर कित्येक वर्षं बॅले तिथंच संपवायचे. पुढं देऊळ कोसळून सगळे गाडले जातात तो शेवटचा अंकच गाळलेला. १९८० मध्ये नताल्या माकारोवानं अमेरिकेत तो परत बसवला. उपकार झाले. ज्यांनी शपथ मोडली, साप पाठवला, त्यांच्या डोक्यावर काहीतरी पडायला नको का?

पुण्याच्या सज्जनांचा दुसरा मुद्दा असा, की हा बॅले वसाहतवादी आहे, तो बघणंच चूक. १८७७ चा बॅले. तो रचणारा पेतिपा फ्रेंच, राहणार पीटर्सबर्ग, हिंदुस्थान बघितलेला नाही. त्यात फकीर आगीभोवती माकडासारखे उड्या मारतात, खोटा हत्ती येतो, सोन्याचा देव उठून नाचतो (तो तर १९४८ मध्ये घुसवलेला). हास्यास्पद आहे, मान्य.

पण साहेब, तुम्ही म्हणता की असं काही आपल्याकडं नव्हतं. नव्हतं? यल्लम्माचा सौंदत्तीचा डोंगर आमच्या जिल्ह्यात आहे. माघी पुनवेला इथनं बैलगाड्या जायच्या, आता टेंपो आणि बशी जातात, 'उदं गं आई उदं' करत. मुंबई इलाख्यानं १९३४ मध्ये देवदासींचा कायदा केला, बेळगाव त्यात होतं. तरी मुली देवाला सोडायचं थांबलं नाही म्हणून कर्नाटकला १९८२ मध्ये परत कायदा करावा लागला. म्हणजे मी जन्मले तेव्हा एक कायदा होऊन गेला होता, आणि मी मांडवात बसून खडीसाखर खात होते तेव्हाही तो होताच. पेतिपाला हत्ती चुकला असेल. देवाला सोडलेल्या मुलीला साखरपुड्यात नाचवतात आणि ज्यानं शपथ दिली तो खुर्चीत बसून बघतो, एवढं मात्र त्याला तिकडं बर्फात बसून बरोबर सुचलं. आपल्याकडच्या किती जणांनी त्यावर काय रचलं, ते सांगा.

अ‍ॅना पावलोवा निकिया करायची. ती हिंदुस्थानात आली, इथला नाच शोधत फिरली. रुक्मिणीदेवी अरुंडेलना तिनं सांगितलं म्हणतात, की तुमचं स्वतःचं काय आहे ते बघा. पुढं १९३६ मध्ये मद्रासला त्यांचं कलाक्षेत्र, भरतनाट्यमची शाळा, उभं राहिलं. फार मोठं काम, त्याला नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण नाच चांगल्या घरात आला आणि नाचणारी दारातच राहिली, हे कुणीतरी म्हणायला हवं. देवदासींच्या घराण्यातल्या नर्तकी बालसरस्वती आयुष्यभर म्हणत होत्या, आपल्या परीनं. ऐकलं किती?

दारावरनं आठवलं. ती जोगतीण नंतर मंगळवारी-शुक्रवारी आमच्या दारात यायची. आई सुपातनं जोंधळे घालायची परडीत, हळदकुंकू लावायची, पाया पडायची. आणि पाणी द्यायची ते वरून. आई वाईट नव्हती हो. तिच्या सासूनं तसंच दिलं होतं. एकदा मी विचारलं, ती त्या दिवशी काकांकडं का बघत नव्हती. आई चुलीकडं तोंड करून म्हणाली, 'तिनं कशाला बघायचं?' तेव्हा मला ते उत्तर वाटलंच नव्हतं. आता असिलमुरातोवा औषधाची कुपी हातातनं सोडते तेव्हा आईचा तोच आवाज येतो.

झालं, लिहिता लिहिता राग उतरला. परीक्षण लिहिणारा बिचारा रात्री घाईत लिहीत असेल, सकाळच्या अंकाला. त्यालाही शब्दमर्यादा असेल. तरीपण 'समाधानकारक' नको होतं.

भाच्याला कळवलंय, की पुढच्या वेळी जाशील तेव्हा दुर्बीण भाड्यानं घे आणि परडी हातात आली की पायाकडं नको, तोंडाकडं बघ, आणि मग मला फोन कर, रात्री कितीही वाजू देत.

आणि इथल्यांसाठी: रविवारी चार वाजता माझ्याकडं १९९१ चं चित्रण लावणार आहे. टिळकवाडीतलं घर सगळ्यांना माहीत आहे. चहा, चिवडा माझा. करंट गेला तर इन्व्हर्टर आहे. जाऊबाईंनीही यावं, खरं झाखारोवाचं नाव मध्यंतरापर्यंत काढायचं नाही. पुण्याच्या सज्जनांनाही आमंत्रण आहे, रातराणीनं निघाले तर सकाळी पोचतात.