एक स्टार देणाऱ्या साहेबांना: टायर क्रॉस का केले नाहीत

नमस्कार साहेब,

आमच्या दुकानात टायर रोटेशन, म्हणजे झीज सारखी व्हावी म्हणून टायरांच्या जागांची अदलाबदल, करून घेतल्यावर तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. तक्रारी चार आहेत. टायर क्रॉस (डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे) न करता नुसते पुढचे मागे केले, अर्ध्या तासाच्या कामाला सव्वा तास लावला, पेट्रोल गाडीपेक्षा दोनशे रुपये जास्त घेतले, आणि घरी गेल्यापासून पुढे डावीकडून घूंघूं आवाज येतोय. शेवटी लिहिलंत, ‘यांना इलेक्ट्रिक गाडीतलं काही कळत नाही.’ फोनवर बोललो असतो तर दोन मिनिटांत संपलं असतं, पण तुम्ही चारचौघांत विचारलंत तर उत्तरही चारचौघांत देतो. नाशकात इलेक्ट्रिक गाड्या वाढल्यात आणि यातले निम्मे प्रश्न आमच्या काउंटरवर रोज येतात.

आधी क्रॉसचं. टायर क्रॉस करायचे असतात असं तुम्ही व्हिडिओत पाहिलंत, ते खोटं नाही. तुमच्या नेक्सॉन ईव्हीची मोटर पुढच्या चाकांना आहे. अशा गाडीला पुढचे टायर सरळ मागे जातात आणि मागचे पुढे येताना बाजू बदलतात, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. महिंद्राची बीई ६ किंवा एमजीची कॉमेट आणलीत तर मोटर मागे, म्हणून हिशेब उलटा: मागचे सरळ पुढे, पुढचे क्रॉस होऊन मागे. म्हणजे ‘इलेक्ट्रिक गाडीचं रोटेशन’ असं वेगळं काही नसतं, ताकद कुठल्या चाकांना जाते ते बघायचं. पण हे सगळं साध्या नक्षीच्या टायरला लागू. कंपनीचे टायर संपल्यावर तुम्ही बाहेरून जो सेट टाकलात तो डायरेक्शनल आहे, म्हणजे एकाच दिशेने फिरायला बनवलेला. मधून बाणाच्या टोकासारखी नक्षी आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण. गाडी पुढे जाताना चाक त्या बाणाच्या दिशेने फिरलं पाहिजे. ती नक्षी पावसाचं पाणी बाहेर फेकण्यासाठी असते. क्रॉस केला की चाक उलटं फिरतं आणि पाणी बाहेर जायचं ते नीट जात नाही. जुलैत त्र्यंबक रोडला एकदा जाऊन आलात की याचा अर्थ कळतो. अशा टायरला रिमवरून न काढता एकच रोटेशन करता येतं, त्याच बाजूचा पुढचा मागे आणि मागचा पुढे. आम्ही तेच केलं.

आता वेळ. तुमचा मागचा डावा टायर रिमवर उलटा चढवलेला होता. बाण मागे. नवीन सेट जिथे बसवलात तिथेच ते झालं असणार, आमच्याकडे गाडी पहिल्यांदाच आली. आमच्या दुकानातल्या पोराने लिफ्टवर टॉर्च मारून तुम्हाला बाण दाखवला, तुमच्या चिरंजीवांनी त्याचा फोटोही काढला, आणि तुम्ही ‘करून टाका’ म्हणालात. तो टायर रिमवरून उतरवायचा, पलटून चढवायचा, पुन्हा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं, करायचं. तुम्हाला खटकलेले दोनशे रुपये याचेच, बिलावर वेगळी ओळ आहे. गाडी इलेक्ट्रिक आहे म्हणून आम्ही एक रुपयाही जास्त घेत नाही.

लिफ्टवर चढवतानाही थोडा वेळ जातो आणि तो जाऊ द्यावाच. या गाड्यांच्या पोटाखाली बॅटरीचा पेटारा असतो. लिफ्टचा हात जॅक लावायच्या ठरलेल्या जागेवर, कडेच्या पट्टीखालीच बसला पाहिजे. मध्ये रबरी पॅड हवा. चार बोटं आत सरकला तर सगळं वजन बॅटरीच्या कव्हरवर. तुम्ही बघत होतात, पोरगा दोनदा खाली वाकला आणि एकदा हात मागे घेऊन पुन्हा लावला. त्यावर तुम्ही ‘शिकाऊ दिसतोय’ असं लिहिलंय. आमच्या दुकानात इलेक्ट्रिक गाडी लिफ्टवर घ्यायला मी त्यालाच सांगतो. नटसुद्धा गनने करकचून आवळत नाही. आधी हाताने, मग आडवे-तिडवे क्रमाने, शेवटी टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापावर.

आवाजाची तक्रार मात्र मला महत्त्वाची वाटते, कारण आवाज येतोय हे खरंच आहे.

मागचे टायर या गाडीत ओढायचं काम करत नाहीत. ते नुसते मागून फिरतात, आणि फिरता फिरता त्यांच्या नक्षीतल्या ठोकळ्यांची एक कड जास्त झिजते, दुसरी उंच राहते. हात फिरवून बघा, एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं. ही झीज तुमच्या दोन्ही मागच्या टायरांना होती. मागे होती तोवर आवाज डिकीखाली राहिला. आता तेच टायर तुमच्या पायांजवळ आले. शिवाय डावा इतके दिवस उलटा फिरून झिजलेला, आता सरळ फिरतोय, त्यामुळे त्याची उंच राहिलेली कड आधी रस्त्यावर आपटते. म्हणून आवाज पुढून आणि डावीकडून. पेट्रोल गाडीत इंजिनच्या घरघरीत हा अर्धा दबला असता, इथे दाबायला काहीच नाही. सिमेंटच्या रस्त्यावर तो आणखी वाढेल, डांबरावर कमी लागेल. पुढच्या चाकांवर जोर आणि ब्रेक दोन्ही येतात, त्यामुळे ती कड हळूहळू घासली जाते आणि बहुतेक वेळा हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये आवाज बराच उतरतो. मात्र वेग वाढेल तसं स्टिअरिंग थरथरायला लागलं, किंवा वळणावर आवाज बदलला, तर ते टायरचं नसून बॅलन्सिंगचं किंवा बेअरिंगचं असू शकतं. तसं असेल तर वाट बघू नका.

जागा बदलण्याआधी गेजवर पुढच्या टायरांच्या नक्षीची खोली ४ मिलिमीटर भरली, मागच्यांची साडेपाच. कायद्याने किमान १.६ लागते, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही, पण इतका फरक पडेपर्यंत थांबू नये. ‘कमी चाललेली गाडी, टायर कसे खाल्ले?’ असं तुम्ही विचारलं होतंत. तुम्हीच सांगितलंत की दर आठवड्याला ठाण्याला जाता, समृद्धीचा टोल नको म्हणून कसारा घाटाने, आणि उतरताना रीजन तीनवर. रीजन म्हणजे मोटरच गाडी अडवते, आणि मोटर पुढे आहे. म्हणजे घाट उतरताना ब्रेकिंगचा मोठा भाग पुढच्या दोन टायरांवर, येताना चढ ओढायचाही त्यांनीच, सिग्नलला पाय ठेवताच मिळणारा जोरही त्यांच्यावरच, आणि वर बॅटरीचं वजन. ब्रेकपॅड वाचतात, टायर झिजतात. रीजन बंद करा असं मी म्हणणार नाही, घाटात त्याच्यासारखं सुख नाही. फक्त रोटेशन आठ हजार किलोमीटरच्या आसपास करत जा.

रिव्ह्यूत नसलेली एक गोष्ट. काढलेल्या पुढच्या टायरांच्या आतल्या कडा बाहेरच्यांपेक्षा जास्त गेल्या होत्या. ते अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडल्याचं लक्षण, आणि रोटेशनने ते बरं होत नाही, उलट आता पुढे आलेले चांगले टायरही तसेच खाल्ले जातील. सिंहस्थाच्या कामांनी शहरभर रस्ते उकरलेत, एखाद्या खड्ड्यात जोरात गेली असेल गाडी. तेव्हा सांगितलं तर तुम्ही ‘नंतर बघू’ म्हणालात. बिलाच्या मागे पोराने तसं लिहूनही दिलंय.

शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला या म्हटलं होतं, त्याचे पैसे लागत नाहीत. तेव्हाच आपण दोघं गाडीत बसून पाथर्डी फाट्यापर्यंत एक चक्कर मारू, आवाज कुठला ते तिथेच कळेल. तरीही तुम्हाला जुनी जागाच बरी वाटली तर टायर परत होते तिथे लावून देईन, पण बाण मात्र पुढेच राहील. बुधवारी दुकान बंद असतं. सकाळी लवकर आलात तर टायर थंड असतात, हवाही नीट मोजता येईल.