सूर्याचे सुटे भाग

सूर्य ही अखंड वस्तू आहे, अशी पुण्यात वाढलेल्या माणसाची समजूत असते. तिथे तो सकाळी एकगठ्ठा येतो. ऊब, उजेड, घामोळं सगळं त्यातच, आणि वेगळे पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये कासव पाळायला घेतलं की कळतं, सूर्य सुट्या भागांत मिळतो. ऊब वेगळी, उजेड वेगळा, अतिनील किरण वेगळे, आणि प्रत्येकाला स्वतंत्र प्लग.

कासव लेकीच्या हट्टापायी आलं. तिला कुत्रा हवा होता, हिला काहीच नको होतं, तडजोड म्हणून कासव. हर्मन जातीचं, मूळचं इटली-ग्रीसकडचं, पण आमचं जन्माने इंग्लिश. सोबत आर्टिकल १० चं, म्हणजे संरक्षित जातीचा प्राणी कायदेशीरपणे विकायला लागणारं, प्रमाणपत्र होतं; माझ्या व्हिसाचे कागद कधी इतके नीट नव्हते. पुण्याहून ताईने फोनवर विचारलं, "अरे, आपलं ते चांदण्यांचं कासव का नाही घेतलंस? किती गोड असतं." ते घरात ठेवणं भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि २०१९ साली ते सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात गेलंय, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं बाई, तुम्ही परदेशातली माणसं." नाव लेकीनेच ठेवलं, भाऊसाहेब. कार्यक्रमाला उशिरा पोचलेल्या अध्यक्षांच्या चालीने तो पेटीत इकडून तिकडे जायचा, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

पेटी म्हणजे लाकडाचं उघडं टेबल, चहूबाजूंनी कठडा, आत माती. इथपर्यंत सोपं होतं. मग मी दिवा आणायला गेलो.

आमच्या लहानपणी दिवा आणणे म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात "साठचा द्या, पिनचा" एवढं बोलणे. रेडिंगच्या त्या दुकानातल्या पोराच्या मनगटावर पाल गोंदलेली होती आणि त्याला माझ्याकडून फार अपेक्षा होत्या. तापवायला हॅलोजन फ्लड देऊ की मर्क्युरी व्हेपर? रात्रीसाठी सिरॅमिक हवा का? थर्मोस्टॅट डिमिंग, पल्स की ऑन-ऑफ? यूव्हीबी टी-५ ना? किती टक्के? मी मान डोलावत राहिलो. लग्नात गुरुजी संस्कृतात काही विचारतात तेव्हा डोलावली होती तशीच, आणि परिणामही तेवढेच दूरगामी झाले.

घरी येऊन पिशवी उघडल्यावर एकेकाची ओळख पटत गेली. हॅलोजन भाऊसाहेबांना तापवणार. त्याच्याखाली चपटा दगड ठेवायचा, तिथे ३५ अंशांच्या आसपास पारा हवा, आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला २०-२२. म्हणजे तापलो तर उठून गारव्यात जायचं, गारठलो तर परत यायचं. अंगात स्वतःची ऊब तयार न करणाऱ्या जिवाला एवढी येरझार पुरते. सिरॅमिक हा न पेटणारा दिवा. बल्बसारखाच आट्यांमध्ये फिरवून बसवायचा, पण उजेड शून्य, नुसती धग. तो चालू आहे की बंद हे डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं. होल्डर चिनीमातीचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो. ऑन-ऑफ थर्मोस्टॅट हॅलोजनला लावला तर दिवा दिवसभर डोळे मिचकावतो, म्हणून त्याला वीज हळूहळू कमी-जास्त करणारा डिमिंग; सिरॅमिकला थांबून थांबून वीज सोडणारा पल्स. आणि यूव्हीबीच्या, म्हणजे अतिनील किरणांच्या, ट्यूबला थर्मोस्टॅट चालतच नाही, तिला टायमर.

टायमर हे स्वतंत्र प्रकरण. गोल तबकडी, कडेला नखाएवढ्या ९६ पिना, एकेक पीन पंधरा मिनिटांची. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ सूर्य हवा असेल तर त्यातल्या ४८ पिना अंगठ्याच्या नखाने खाली दाबायच्या. एखादी अर्धवट बसली की दुपारी पावणेतीनला खग्रास ग्रहण. हे यंत्र रात्रभर किर्र असा बारीक आवाज करत फिरतं. ऑक्टोबरअखेर ब्रिटन घड्याळं तासभर मागे घेतो, तेव्हा ही तबकडीही हाताने फिरवायची असते. त्याआधी तो निर्णय लंडनमध्ये परस्पर होत असे.

ट्यूब किती उंचीवर लावायची यावर मी इतकं वाचलं की दहावीला वाचलं नव्हतं. वाचता वाचता एके ठिकाणी 'फर्ग्युसन झोन' आलं. पुणेकराच्या डोळ्यांपुढे जे येतं तेच आलं: एफसी रोड, कॉलेजचं फाटक, वैशालीचा डोसा. हा फर्ग्युसन अमेरिकन निघाला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरडे-पाली रानात ज्या जागी बसतात तिथला यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांचा जोर, मोजला आणि २०१० मध्ये त्यावरून प्राण्यांचे चार गट पाडले. पहिल्या गटात सावलीला धरून राहणारे, चौथ्यात भर दुपारी उन्हात पडणारे. आमचे भाऊसाहेब तिसऱ्यात. त्यांना दिवसभरात सरासरी १ ते २.६ इंडेक्स मिळावा. आरशासारखा रिफ्लेक्टर लावलेली १२ टक्के यूव्हीबीची टी-५ ट्यूब दगडापासून साधारण १५ ते १८ इंचांवर टांगली की हे जमतं. मध्ये जाळी नको, ती बरेचसे किरण खाते. आणि ट्यूब बाजूने लावायची नाही, वरूनच. सूर्य डोक्यावरून येतो या हिशेबाने कासवाच्या डोळ्यांवर कपाळाची कड पुढे आलेली असते. बाजूने आलेला झोत थेट बुबुळात. हे वाचून मला कासवाविषयी पहिल्यांदा आदर वाटला.

त्याच सुमाराला आई साताऱ्याहून आली. तिने पेटीवरचा तो सरंजाम बघितला आणि नेमका प्रश्न विचारला, "खिडकीत का नाही ठेवत याला? ऊन येतंय की."

"काचेतून यूव्हीबी येत नाही, आई. नुसती ऊब येते. कातडीवर ते किरण पडले की आत ड जीवनसत्त्व बनतं, त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग हाडं मऊ पडतात, पाठ वाकडी होते."

आई बराच वेळ काही बोलली नाही. आल्यापासून ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन काचेच्या बंद सज्जात बसायची, गुडघ्यांना कोवळं ऊन मिळावं म्हणून.

"म्हणजे मी तिथे बसून काय करत होते?"

"चहा पीत होतीस."

दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची पेटीशेजारी सरकवली. खाली वाकून भाऊसाहेबांशी बोलते आहे असं दाखवून तिने गुडघा ट्यूबच्या दिशेला किती नेला, हे मी बघितलं. वैद्यकीय सल्ल्याविना असं करू नये, हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "त्याला कुणी दिला होता सल्ला?"

तसा सल्ला खरं तर मलाच मिळालेला होता. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघालं. इथे ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतच्या उन्हात ते बनवण्याइतका जोरच नसतो. सरकारच सांगतं की या काळात सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा, आणि आम्ही सावळी माणसं तर बारा महिने. म्हणजे आमच्या घरात ज्याला कवच आहे त्याला रिफ्लेक्टरसकट सूर्य, आणि कर्त्या पुरुषाला गोळी.

हीटिंगच्या बाबतीतही हाच न्याय. घराचं तापमान १८ च्या वर न्यायचं नाही हा आमच्या घरातला कायदा आहे आणि तो हिने केलेला आहे. डिसेंबरात आम्ही स्वेटर, मोजे, वर शाल अशा थाटात टीव्ही बघत असतो आणि चार फुटांवर भाऊसाहेब ग्रीसमध्ये पाय पसरून पडलेले असतात, मागचे दोन्ही पाय अक्षरशः बाहेर सोडून, डोळे मिटून. तापमान मोजायची इन्फ्रारेड पिस्तूल आणल्यावर लेकीने सगळ्या घराची नोंद केली: दगड ३५, चहा ६४, आजी ३१, सोफा १७, बाबांचं नाक २२. विजेचा स्मार्ट मीटर स्वयंपाकघरात छोट्या पडद्यावर हिरवा-पिवळा-लाल होतो. भाऊसाहेबांच्या दिव्यांनाच दिवसाला दीड युनिट जातं. ही ते वाचते, माझ्याकडे बघते, आणि वाचलेलं मोठ्याने सांगत नाही. सांगितलं असतं तर परवडलं असतं.

शेजारच्या गोऱ्या आजोबांनी एकदा कुंपणावरून आधी हवेविषयी बोलून घेतलं, मग हळूच विचारलं, घरात टोमॅटो लावलेत का? हिवाळ्यात सकाळी ७ वाजता अजून काळोख असतो आणि आमच्या पडद्यामागे पांढराशुभ्र उजेड ठणाणा करत असतो. इथे घराच्या आत असे दिवे लावून लोक काय पिकवतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते टोमॅटो नाही. "कासव आहे," मी म्हणालो. ते हसले. एवढी वाईट सबब त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकली होती. शेवटी मी त्यांना आत बोलावून भाऊसाहेबांचं दर्शन घडवलं. हल्ली ते बागेतली डँडेलियनची पानं आणून देतात, कासवासाठी.

सगळ्यात मोठा शोध मात्र आईनेच लावला. इथल्या थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही. ओव्हनचा दिवा लावून पाहिला, ब्लँकेटात गुंडाळलं, गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवलं; पीठ आपलं ढिम्म. एका रात्री सिरॅमिकच्या वरच्या फळीवर स्टीलचा डबा दिसला.

"आई, ते खाण्याचं आहे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असतात."

"झाकण आहे. आणि तो काय फळीवर चढून येणार आहे का?"

सकाळी झाकण वर उचललं गेलं होतं आणि पीठ डब्याच्या कडेवरून खाली बघत होतं. इडल्या इतक्या हलक्या झाल्या की हिने लग्नानंतर पहिल्यांदा सासूला कृती विचारली. आई म्हणाली, "उडीद नेहमीचेच. २८ अंश ठेव." डबा हॉलमधून हलवायचा असा ठराव मी मांडला. तीन विरुद्ध एक. शेवटी त्या फळीला वेगळा पाट, डब्याला पिशवी आणि पेटीत हात घातला की साबण, एवढ्यावर तह झाला.

आई परत गेली, तरी शुक्रवारी रात्री डबा वर जातो. भाऊसाहेबांचं वजनही चांगलं वाढलं. परवा त्यांना तपासून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. म्हणाल्या, तब्येत ठणठणीत आहे, यंदा शीतनिद्रेला पाठवायला हरकत नाही. आधी काही आठवडे खाणं बंद, रोज कोमट पाण्यात बसवायचं, दिवे हळूहळू कमी करत न्यायचे, आणि मग ५ अंशांवर ठेवायचं.

"एवढं गार कुठे ठेवायचं?" मी विचारलं.

"फ्रिजमध्ये," त्या म्हणाल्या. इथे बरेच लोक तसंच करतात. खाण्याचा नको, वेगळा छोटा फ्रिज घ्या, आत थर्मामीटर ठेवा, आणि हवेसाठी रोज एकदा दार उघडा.

गाडीत मी हिशेब करत होतो. हॅलोजन, सिरॅमिक, टी-५, दोन थर्मोस्टॅट, टायमर, रिफ्लेक्टर, पिस्तूल, हे सगळं जमवलं, आणि आता त्याच प्राण्यासाठी फ्रिज घ्यायचा. ही काही बोलत नव्हती. मला वाटलं, वीजबिलाचं चाललं असेल डोक्यात. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"म्हणजे सगळे दिवे बंद?"

"सगळे."

"मग पीठ कुठे ठेवायचं?"