उकळून जुना पाइप नवा होत नाही

जुन्या वस्तूंची आवड असणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर मोबाइलवरून हातोहात फिरतो आहे. त्याचे सार असे : बाजारात मिळालेल्या जुन्या तंबाखूच्या पाइपची दांडी, म्हणजे तोंडात धरायची नळी, काढावी, लाकडी भाग मीठ आणि सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळावा, वाटीतला, म्हणजे तंबाखू भरायच्या खळग्यातला, काळा थर चाकूच्या टोकाने लाकूड दिसेपर्यंत खरवडून टाकावा, दांडी रात्रभर ब्लीचमध्ये बुडवावी, आतले छिद्र हार्डवेअरच्या दुकानातल्या स्पिरिटने धुवावे, मग सगळ्या पाइपवर पॉलिश पेपर मारून, करडईचे तेल चोळून दिवसभर उन्हात ठेवावे. एवढे केले की पाइप नव्यासारखा होतो आणि निर्जंतुक झाल्यामुळे ओढायलाही निर्धोक ठरतो, असा त्याचा शेवट आहे.

मराठवाड्यात असे पाइप अजूनही निघतात. हैदराबाद संस्थानाच्या काळात नोकरी-वकिली केलेल्यांची घरे आवरली जातात, तेव्हा पेटीच्या तळाशी चश्म्याच्या घरांबरोबर एखादा पाइप सापडतो. छत्रपती संभाजीनगरात जाफरगेटच्या रविवारच्या बाजारातही भंगारातल्या कुलपांच्या आणि पितळी नळांच्या ढिगात तो दिसतो. ज्याच्या हाती तो पहिल्यांदाच येतो, त्याला विचारायला जवळपास कोणी नसते, आणि म्हणून तो या मजकुरावर विश्वास ठेवतो. मजकुरातली जवळजवळ प्रत्येक पायरी पाइपचे नुकसान करते आणि दोन पायऱ्या तर माणसालाही अपाय करू शकतात. त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात उकळण्यापासून करू. चांगला पाइप ब्रायरचा असतो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी तयार होणारी टणक गाठ. ती सहजी जळत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधल्या सें-क्लोद गावाने तिच्यावर मोठा व्यवसाय उभा केला. उकळण्याचे समर्थक सांगतात की कारखान्यातही हे लाकूड उकळतात, आणि ते खरे आहे. मात्र तिथे उकळतात तो अखंड, कच्चा ठोकळा. त्यातला चीक आणि टॅनिन हे तुरट द्रव्य निघून जावे म्हणून तो तासन्‌तास उकळतात, मग महिनोन्‌महिने सावलीत सावकाश वाळवतात, आणि त्यानंतरच त्याला वाटीचा आकार देऊन छिद्रे पाडतात. तयार पाइप ही निराळी वस्तू आहे. त्याच्या भिंती पातळ असतात, वर रंग आणि मेण असते आणि दांडी घट्ट बसावी म्हणून मानेतले, म्हणजे वाटीला जोडलेल्या लाकडी नळीतले, भोक अगदी मापाचे केलेले असते. उकळत्या पाण्यात रंग उतरतो, लाकूड फुगते आणि वाळताना असमान आकसते. मग दांडी एक तर ढिली पडते किंवा बसवताना मान तडकते. सोड्याच्या क्षारामुळे उरलेल्या टॅनिनवर काळपट डाग उठतात ते वेगळेच, आणि आपल्याकडचे बोअरचे जड पाणी मागे पांढरी पुटे ठेवून जाते. काही जाणकार वाटीतून गरम पाण्याची एक धार सोडून लगेच आतून कोरडे पुसून घेतात. ती पद्धत वेगळी आहे, अर्धा तास उकळण्याला तिचा आधार घेता येणार नाही.

मिठाचा उल्लेख मात्र हवेतून आलेला नाही. वाटीत मीठ भरून त्यावर थेंबाथेंबाने अल्कोहोल सोडायचे आणि रात्रभर ठेवायचे, अशी पद्धत खरोखर आहे; सकाळपर्यंत मीठ डांबरासारखा अर्क शोषून तपकिरी होते. हीच गोष्ट मजकुरात तोडून-मोडून आली आहे. माझ्या मते मिठापेक्षा कापूस बरा, कारण तोही तेवढेच शोषतो आणि लाकडाच्या रंध्रांत काही मागे राहत नाही.

वाटीच्या आत बसलेला काळा थर सगळा खरवडायचा की नाही, याबद्दल जाणकारांतही मतभेद आहेत. हा थर जळलेल्या तंबाखूच्या कोळशाचा असतो. तो फार जाड झाला तर तापल्यावर लाकडापेक्षा वेगळ्या प्रमाणात फुगतो आणि वाटीला चीर पाडतो, म्हणून जुन्या पाइपमधला जाड थर कमी करावाच लागतो. साधारण एक मिलिमीटर थर ठेवावा, असे जुने धूम्रपानी सांगत आले आहेत. आत भेगा आहेत का हे पाहण्यासाठी कोणी तो पूर्ण काढला तर मी त्याला चूक म्हणणार नाही. माझा आक्षेप चाकूच्या टोकावर आहे, कारण मजकुरात तेच हत्यार सुचवले आहे : टोक तळाशी रुतते आणि धूर जाण्याच्या छिद्राचे तोंड कायमचे खराब होते. गोल दांड्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर फिरवत थर हळूहळू झिजवावा. काम सावकाश होते, पण वाटी गोल राहते.

ब्लीचचा सल्ला सगळ्यात जास्त नुकसान करतो. जुन्या पाइपची दांडी बहुधा व्हल्कनाइटची, म्हणजे एबोनाइटची असते. हे कठीण रबर. त्यात गंधकाचे प्रमाण सुमारे ३० टक्के असते, तर टायरच्या रबरात ते जेमतेम काही टक्के असते. उजेड आणि हवा लागून वर्षानुवर्षांत हे गंधक पृष्ठभागावर प्रकटते, आणि मूळची काळीभोर दांडी हिरवट-तपकिरी दिसू लागते, तोंडात धरली की कडू लागते. ब्लीच हा तपकिरी थर खाऊन टाकते हे खरे. पण ते खालच्या निरोगी रबरालाही सोडत नाही, आणि सकाळी बाहेर काढलेली दांडी करडी, खरखरीत, बारीक खड्ड्यांनी भरलेली निघते. ते खड्डे घासून काढता काढता ओठांत धरायची कड पातळ होते आणि दांडीचा आकारच बिघडतो.

याऐवजी रंगकामाच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर घ्यावा : आधी ४०० नंबरचा, मग ६००, १००० आणि २०००. दांडी पाण्यात बुडवून घासू लागले की पहिल्या नंबरलाच पिवळट-तपकिरी गढूळ पाणी निथळते आणि फटाका उडाल्यानंतर येतो तसा गंधकाचा वास सुटतो. पाणी करडे-काळे येऊ लागले की तपकिरी थर संपला, असे समजून पुढचा नंबर घ्यावा. दातांचे उथळ ठसे असतील तर दांडी घासण्याआधी दुरून सौम्य उष्णता द्यावी. व्हल्कनाइट मूळ आकाराकडे परत येऊ पाहते आणि ठसा बराच वर उचलला जातो. दांडी ॲक्रिलिक प्लास्टिकची असेल तर ती तपकिरी होतच नाही, त्यामुळे हा सगळा खटाटोप लागत नाही.

इथे एक धोका स्पष्ट सांगायला हवा. मजकुरानुसार वागणाऱ्याच्या टेबलावर ब्लीच आणि स्पिरिट शेजारी शेजारी येतात. या दोघांची गाठ पडली तर क्लोरोफॉर्मसारखी विषारी द्रव्ये तयार होतात, आणि ब्लीचमध्ये लिंबू पिळले तर क्लोरीन वायू सुटतो. हार्डवेअरच्या दुकानातले स्पिरिट लाकडी सामानाला पॉलिश करण्यासाठी असते. कोणी पिऊ नये म्हणून त्यात विषारी आणि दुर्गंधी द्रव्ये मुद्दाम मिसळलेली असतात, आणि जी वस्तू ओठांना लागणार आहे तिच्यात ते ओतणे योग्य नाही. सॅनिटायझरही नको, त्यातले ग्लिसरिन आत चिकटून राहते. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे, त्यात बुडवलेली, कापूस गुंडाळलेली तार छिद्रातून ती पांढरी निघेपर्यंत फिरवावी, हातमोजे घालावेत कारण निघणाऱ्या अर्कात निकोटिन असते, खोलीत गॅस पेटलेला नसावा, आणि पाइप काही दिवस सुकू द्यावा. बाहेरच्या रंगाला मात्र अल्कोहोल लागू देऊ नये. पाइप मीरशॉमचा, म्हणजे तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या त्या पांढऱ्या सच्छिद्र दगडाचा असेल, तर यांतले काहीही न करता तो कोरड्या मऊ फडक्याने पुसावा.

स्वच्छ झालेला पाइप ओढायला निर्धोक असतो, हे विधान सरळसरळ खोटे आहे. अल्कोहोल मागच्या माणसाची थुंकी आणि जंतू घालवते. तंबाखूच्या धुराने होणारा तोंडाचा आणि घशाचा कर्करोग ते थांबवत नाही, आणि धूर छातीत न घेणाऱ्यालाही तो होतो. मी स्वतः हे काम वस्तूसाठी करतो, ओढण्यासाठी नाही, आणि नव्याने शिकणाऱ्यालाही तेच सुचवतो.

सगळ्या पाइपवर पॉलिश पेपर मारला की त्याची ओळख जाते. पाइपच्या मानेवर कारागिराचा किंवा कारखान्याचा शिक्का उथळ दाबलेला असतो आणि दोन-चार हातांतच तो पुसला जातो. आयर्लंडमध्ये बनलेल्या पाइपवर ‘आयरिश फ्री स्टेट’ असे असेल तर तो त्या राज्याच्या, म्हणजे १९२२ ते १९३७ या काळातला मानता येतो. मानेवरच्या चांदीच्या पट्टीवर जहाजाच्या नांगराची खूण दिसली तर त्या चांदीचा कस बर्मिंगहॅमला तपासलेला, बिबट्याचे तोंड दिसले तर लंडनला. हे वाचता येते तोवरच त्या वस्तूचा इतिहास हाती असतो. लाकडावरचा खोलगट टोला पेपरने सपाट करण्याऐवजी त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवावे. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात.

करडईच्या तेलाबद्दल आपल्या भागात वेगळे सांगायला नको. घाण्यावरून आणलेल्या तेलाच्या डब्याच्या तोंडाशी काही दिवसांत जो चिवट, चिकट थर बसतो, तोच पाइपवर बसतो. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, आणि म्हणूनच ते रंग-वॉर्निशच्या धंद्यातही चालते. खायला ते उत्तम आहे, पण हाताच्या उबेत राहणाऱ्या लाकडावर त्याची धूळ धरणारी साय होते. पाइपला ब्राझीलच्या कार्नाउबा ताडाचे मेण लावतात, कारण ते ८० अंशांच्या पुढेच वितळते आणि तापलेल्या वाटीवरही टिकते. तेल लावलेला पाइप एप्रिल-मेच्या उन्हात ठेवण्याचा सल्ला तर परभणी-नांदेडकडे कोणी मानूच नये. पारा ४२ अंशांपुढे असताना दगडी गच्चीवर ठेवलेले लाकूड तासाभरात तडकू शकते, आणि ज्या उजेडाने दांडी तपकिरी झाली तोच उजेड घासून चकचकीत केलेल्या दांडीवर पुन्हा पाडला जातो.

दांडी आधी वेगळी करावी, एवढी एकच गोष्ट मजकुरात बरोबर आहे, पण कशी करावी ते त्यात सांगितलेले नाही. पाइप पूर्ण थंड असावा. वाटी नव्हे तर मान मुठीत धरावी आणि दांडी एकाच दिशेने गोल फिरवत बाहेर घ्यावी, सरळ ओढू नये. अडकून बसली असेल तर पाइप पिशवीत गुंडाळून काही मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवून पुन्हा प्रयत्न करावा. पक्कड लावली तर दांडीचे टोक आतच मोडते, आणि मग ते ड्रिलने काढून नवे टोक बसवण्यासाठी लेथवाल्याकडे जावे लागते.