रेड ६, एक्सएफएस आणि नोबॅरियर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की ॲरेवर (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचावर) एक्सएफएस ही लिनक्सची फाइल सिस्टीम बनवताना एसयू-एसडब्ल्यूचे आकडे (एका डिस्कवर सलग लिहायचा तुकडा, म्हणजे चंक, केवढा आणि डेटाच्या डिस्क किती) देणं हा निव्वळ सोपस्कार आहे. सहा डिस्कच्या रेड ६ वर (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो अशा रचनेवर) तुम्ही आकडे देऊन आणि न देता असं दोन्ही प्रकारे फॉरमॅट केलंत, डीडी या कॉपी करायच्या कमांडने १ जीबीची फाइल लिहिलीत आणि वेग तोच आला. शिवाय वेग हवाच असेल तर नोबॅरियर (डिस्कच्या कॅशमधला डेटा पक्का लिहायला लावणारे फ्लश बंद करणारा माउंटचा पर्याय) लावून मोकळं व्हावं, असं तुम्ही सुचवलंय.

आधी माझी चूक कबूल करतो. हे आकडे दिले की प्रत्येक मोठी फाइल पूर्ण स्ट्राइपच्या (सगळ्या डिस्कवरचे एकेक चंक मिळून होणाऱ्या पट्ट्याच्या) सुरुवातीला बसते, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. ती चंकच्या सीमेवर बसते. पूर्ण स्ट्राइपची सीमा हवी असेल तर माउंट करताना स्वॉलॉक हा पर्याय द्यावा लागतो. हे तुम्ही अचूक पकडलंत, लेखात दुरुस्ती केली आहे.

पण तुमच्या चाचणीबद्दल बोलायलाच हवं. तुमचा ॲरे एमडीएडीएमचा, म्हणजे लिनक्सच्याच सॉफ्टवेअर रेडचा (एमडीचा) आहे, आणि एमडी असला की फॉरमॅट करणारी एमकेएफएस कमांड चंक आणि डिस्कची संख्या स्वतःच विचारून घेते. फाइल सिस्टीमची रचना दाखवणारी एक्सएफएस-इन्फो कमांड चालवून बघा. चंक नेहमीचाच ५१२ केबी असेल तर आकडे न देता केलेल्या फॉरमॅटमध्येही एसयुनिट (चंक) १२८ आणि एसविड्थ (पूर्ण स्ट्राइप) ५१२ दिसेल, हे आकडे ४ केबीच्या ब्लॉकमध्ये असतात. म्हणजे तुम्ही एकाच गोष्टीची तिच्याशीच तुलना केलीत. खरा फरक बघायचा तर एकदा नोअलाइन (हे आकडे वापरूच नको असं सांगणारा पर्याय) देऊन फॉरमॅट करा. हाताने आकडे द्यायची गरज पडते ती मुख्यतः हार्डवेअर कंट्रोलर आपली रचना सांगत नाही तेव्हा, आणि हे मी लेखात ठळकपणे सांगायला हवं होतं.

दुसरं, तुमच्या मशीनला ३२ जीबी रॅम आहे. १ जीबी लिनक्स आधी रॅममध्येच घेऊन ठेवतो, त्यामुळे डीडीने दाखवला तो रॅमचा वेग. एफडेटासिंक (डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबायला लावणारा पर्याय) लावून, रॅमपेक्षा मोठी फाइल घेऊन मोजा. तरीही डीडी सलग लिहितो, त्यात स्ट्राइप आपोआप भरतात. रेड ६ चा घाम निघतो तो तुटक राइटमध्ये: जुना डेटा आणि दोन्ही पॅरिटी (डिस्क गेल्यास डेटा परत मिळवायचे हिशेब) वाचायच्या, मग तिन्ही पुन्हा लिहायच्या. एका राइटमागे सहा फेऱ्या. नुसतं लिहिणं चालू असताना आयओस्टॅटमध्ये (डिस्कवर किती वाचलं-लिहिलं जातंय ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) डिस्कवर रीड दिसायला लागले, की समजा हेच चाललंय.

आता नोबॅरियर. इथे मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत होऊ शकत नाही. अंधेरीतल्या एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत जुन्या कर्नलवर कोणीतरी तो लावून ठेवला होता. जुलैतला पाऊस, लाइट गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या. डिस्कच्या आतल्या कॅशमध्ये जे होतं ते गेलं. फाइल सिस्टीमचा लॉग (बदलांची नोंदवही) म्हणत होता अमुक लिहिलंय, आणि प्लॅटरवर त्याचा पत्ता नव्हता. माउंट होईना. शेवटी लॉग पुसून एक्सएफएस-रिपेअर हे दुरुस्तीचं साधन चालवावं लागलं. लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये फाइलींचा ढीग, नावाच्या जागी नुसते आयनोडचे (फाइल सिस्टीमच्या अंतर्गत नोंदीचे) आकडे. एडिटिंगचा एक मुलगा रात्रभर एकेक फाइल उघडून हा कुठला सीन ते वहीत लिहीत बसला होता. मी त्याच्या शेजारीच होतो.

त्या बदल्यात मिळतं तरी काय? चालू बॅटरीचा कॅश असलेला कंट्रोलर असेल तर फ्लश तसाही लगेच परततो, आणि तो नसेल तर फ्लशशिवाय तुमचा डेटा वाऱ्यावर आहे. एक्सएफएसवाल्यांनी हा पर्याय ४.१९ कर्नलमध्ये, २०१८ साली, काढूनच टाकला.

तुमच्या एफस्टॅबमध्ये (माउंटचे पर्याय लिहिलेल्या फाइलमध्ये) नोबॅरियर असेल तर आज घरी जायच्या आधी तेवढा शब्द काढा. एक्सएफएस-इन्फोचं आउटपुट इथेच टाका, स्वॉलॉकचं मग सावकाश बघू.