जंगल राहू द्या, आधी फाइल लावा

तर भाऊ, तुमचं ठरलंय. वाळूजला नाहीतर शेंद्र्याला एक शेड घ्यायची, दारावर ‘पर्यावरणपूरक सागवान फर्निचर’ अशी हिरवी पाटी लावायची आणि जर्मनीच्या गिऱ्हाइकाला जेवणाची टेबलं पाठवायची. उत्तम विचार आहे. या धंद्याला मराठवाड्यासारखी जागा नाही. किनवट-माहूरकडचा सागाचा पट्टा सोडला तर इथं जंगलच इतकं थोडं, की ते तोडल्याचा आरोप तुमच्यावर करायला कुणी धजणार नाही. लातूर जिल्ह्यात तर वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आत. म्हणजे हात स्वच्छच आहेत, कागद तेवढे स्वच्छ करायचेत.

पहिला सल्ला असा, की लाकूड बघायला जाऊ नका. नवखा माणूस वखारीत जातो, ओंडक्यावर थाप मारतो, पाणी शिंपडून रेघा बघतो, भुसा चोळून वास घेतो. हौस म्हणून ठीक आहे. एफएससी म्हणजे जंगल जपून काढलेल्या लाकडाला हिरवा शिक्का देणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या शिक्क्याचं लाकूड ओळखायचं ते बिलावरून. विकणाऱ्याचा सर्टिफिकेट नंबर आणि त्याशेजारी दावा, म्हणजे ‘एफएससी १००%’ किंवा ‘एफएससी मिक्स’ असे शब्द, या दोन गोष्टी खरेदीच्या बिलावर छापलेल्या पाहिजेत. त्या नसतील तर ब्राझीलच्या मातो ग्रोसोमधल्या सर्वांत नेटक्या लागवडीतून आलेली फळीसुद्धा तुमच्या शेडमध्ये पाऊल ठेवताच साधी फळी होते. आणि त्या असतील, तर फळीला विचारतंय कोण?

यालाच साखळी म्हणतात. लागवडीचा मालक, तिथली सॉ मिल, निर्यातदार, कांडल्याला माल उतरवणारा आयातदार, संभाजीनगरचा वखारवाला आणि तुम्ही. वाटेत ज्याच्या ज्याच्या नावावर लाकडाची मालकी चढते, त्या प्रत्येकाकडे स्वतःचं सर्टिफिकेट लागतं. ट्रकवाल्याला आणि क्लिअरिंग एजंटला लागत नाही, कारण ते फक्त वाहतात, विकत घेत नाहीत. एक कडी निसटली की पुढं सगळं साधं लाकूड. आपल्याकडे ही कडी हटकून वखारीत निसटते. सरळ उपाय म्हणजे वखार वगळून सर्टिफिकेटवाल्या आयातदाराकडूनच बिल घेणं. पण तो पूर्ण कंटेनरचे पैसे आगाऊ मागतो. म्हणून बरेच जण करतात तेच करा: वखारवाल्याकडून आयातदाराच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स मागा, लॅमिनेट करा आणि काउंटरमागं लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावा. ही झेरॉक्स सत्यनारायणाच्या प्रसादासारखी असते. पूजा कुणी का घालेना, घेईल त्याला पुण्य.

सर्टिफिकेटसाठी तुमची शेड तपासायला येणारा ऑडिटर मात्र नास्तिक असतो. तो भिंतीकडे बघतच नाही. मोबाइल काढतो, एफएससीच्या सार्वजनिक यादीत नंबर टाकतो आणि तीन गोष्टी तपासतो. सर्टिफिकेट आज चालू आहे का, कारण मुदत पाच वर्षांची असली तरी दरवर्षीच्या तपासणीत ते निलंबित होऊ शकतं. मग त्यात कुठला माल येतो. आणि शेवटी लाकडाची जात कुठली. दुसऱ्या प्रश्नाला भलेभले घसरतात. सर्टिफिकेट खरं असतं, चालू असतं, नावही बरोबर असतं; फक्त ते पुठ्ठ्याच्या खोक्यांचं असतं.

जातीचं आणखी सोपं आहे. बाजारात ‘टीक’ ही जात नाही, पदवी आहे. जसं गावात पांढरा सदरा घातला की ‘साहेब’, तसं लाकूड तपकिरी आणि जड असलं की टीक. आफ्रिकन टीक म्हणून येतो तो कधी इरोको असतो, कधी आफ्रोमोसिया (जो सायटीसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे; परवान्याशिवाय सीमा ओलांडत नाही), आणि कधी घानाच्या लागवडीतला खराखुरा सागसुद्धा. ब्राझिलियन टीक म्हणजे कुमारू. त्याचं सागाशी नातं एवढंच, की दोन्ही झाडं आहेत. तुम्ही बिलावर नुसतं ‘टीक’ लिहा. जर्मन गिऱ्हाईक शास्त्रीय नाव मागेलच, टेक्टोना ग्रँडिस. तेव्हा वखारवाल्याला फोन करा. तो म्हणेल, “लिहा ना शेठ, टीकच आहे.” झालं, शास्त्रीय खात्री पटली.

आता मुद्द्याचं, म्हणजे मापाचं. इथं जरा वही-पेन घेऊन बसा, कारण पृथ्वीवर जिथं पाणी, माती आणि वीस वर्षं न लावता लाकूड उगवतं अशी ही एकच जागा आहे.

समजा तुम्ही सर्टिफाइड ओंडके घेतले, खरे १० घनमीटर. करवतीखाली निम्मे भुसा, साल आणि पाठीच्या फळ्यांत जातात. हाती चौरस माल ५ घनमीटर. त्यातून गाठी, फाटे, रंधा आणि तुकडे गेले की तयार फर्निचर साठ टक्के धरा, म्हणजे ३ घनमीटर, जवळपास १०६ घनफूट. आता टेबल घ्या. वरची फळी सहा फूट बाय तीन फूट, सव्वा इंच जाड: १.८८ घनफूट. तीन इंच चौरस आणि तीस इंच उंचीचे चार पाय: ०.६२. खालून चौफेर चार इंच रुंद, एक इंच जाड पट्टी, साधारण सोळा धावते फूट: ०.४४. एकूण २.९४ घनफूट. १०६ ला २.९४ ने भागा. छत्तीस टेबलं.

ऑडिटर येतो तो हा हिशेब घरूनच करून येतो. तुमच्या विक्रीच्या बिलांत हिरव्या शिक्क्याची छत्तीसपर्यंत टेबलं निघाली तर चहा पितो. सदतिसावं निघालं तर साखर ढवळत एवढंच विचारतो, “हे कुठल्या लाकडाचं?”

तेव्हा सदतिसाव्या टेबलाची सोय आधीच करून ठेवावी. ती हॉपसमध्ये होते. ओंडक्याचं जुनं इंग्रजी माप आजही चालतं: घेराला चारानं भागा, वर्ग करा, लांबीनं गुणा. गोल ओंडक्याला असं चौकोनी मोजलं की खऱ्या आकारमानाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच भरतं. म्हणजे तुमचे खरे १० घनमीटर हॉपसनं ७.८५. मिस्त्रीनं कापून ५ काढले की उतारा खऱ्या मापावर ५० टक्के, पण हॉपसवर ६३.७ टक्के. आता करायचं काय? उतारा हॉपसचा घ्यायचा आणि लावायचा खऱ्या मापाला. १० गुणिले ६३.७ टक्के, ६.३७ घनमीटर! त्याचे साठ टक्के ३.८२, म्हणजे १३५ घनफूट, म्हणजे पंचेचाळीस टेबलं. एक कुऱ्हाड न उचलता नऊ टेबलं हवेतून आली. वनखातं इतक्या वर्षांत जे करू शकलं नाही ते तुमच्या वहीनं एका गुणाकारात केलं. फक्त ‘माप हॉपसचं की खरं?’ असा रकाना रजिस्टरात ठेवू नका. शहाणे ऑडिटर पहिल्यांदा तोच शोधतात, आणि सापडला नाही की एक ओंडका टेप लावून समोर मोजायला सांगतात.

गणित जमत नसेल तर कायदेशीर रस्ताही आहे, क्रेडिट पद्धत. यात सर्टिफाइड लाकूड आलं की तेवढं क्रेडिट खात्यात जमा होतं, आणि ‘मिक्स’चा शिक्का तुम्ही त्याच गटातल्या दुसऱ्या लाकडाच्या टेबलावर लावू शकता. ते दुसरं लाकूड नियंत्रित पाहिजे, म्हणजे चोरीचं नको, लोकांचे हक्क डावलून काढलेलं नको, मोलाचं जंगल उद्ध्वस्त करून किंवा हटवून आणलेलं नको, जनुक बदललेल्या झाडाचं नको. पण शिक्का असलेल्या टेबलात सर्टिफाइड लाकडाचा एक कपचाही नसला तरी चालतं. टँकरच्या खेपांचं रजिस्टर ज्यानं एकदा पाहिलंय त्याला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. खेप एका गावाच्या नावावर, पाणी दुसऱ्या गावात. फरक इतकाच, की इथं ते नियमात बसतं. अर्थात टेबलं छत्तीसच. क्रेडिट खातं ओव्हरड्राफ्ट देत नाही.

एवढं सगळं जमल्यावर युरोपनं खोडा घातला. २०२३ साली जंगलतोडविरोधी कायदा आला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचं लाकूड तिकडं चालणार नाही, लाकडी फर्निचरही त्यात धरलंय, आणि हिरवा शिक्का असला तरी वेगळं निवेदन भरावंच लागणार. अंमलाची तारीख दोनदा पुढं ढकलली गेली. कृष्णेच्या पाण्याची वाट बघत पिढ्या काढलेल्या माणसाला असल्या तारखांची भीती वाटू नये. पण निवेदनात झाड जिथं उभं होतं त्या जमिनीचे अक्षांश-रेखांश मागतात, दशांशापुढं सहा आकडे. सहावा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण अकरा सेंटिमीटर, अर्धी वीत. इथं दोन सख्ख्या भावांत बांध नेमका कुठं यावर तिसरी पिढी तालुक्याच्या कोर्टात खेटे घालतेय, आणि ब्रसेल्सच्या बाबूला घानातला बांध अर्ध्या वितीपर्यंत पाहिजे. जमीन चार हेक्टरच्या वर असेल तर एका टिंबावर भागत नाही, पूर्ण हद्द आखून द्यावी लागते.

घाबरू नका. मोबाइलवर नकाशा उघडा, घानाच्या आसपास बोट ठेवा, आकडे उतरवा. बोट जरा उजवीकडं गेलं तर टिंब व्होल्टा तलावात पडेल. तसं ते अगदीच खोटं नाही, त्या धरणात बुडालेल्या जंगलाची झाडं आजही पाण्याखालून कापून काढतात. पण तुमच्या बिलावर लागवडीचा साग लिहिलाय. उपग्रहाचं चित्र काढून तपासणारी माणसं तिकडं पगारावर आहेत. दुसरी कटकट म्हणजे इथं क्रेडिट चालत नाही. दहा शेतांचा माल एका ढिगात पडला की दहाही शेतांचे आकडे लागतात, आणि एकाचे नसले तर सगळा ढीग बाद. म्हणून आयातदाराकडून आकडे मागताना माल कापायच्या आधी मागा. फळ्या पडल्यावर कुठली कुठल्या शेतातली हे सागालाही सांगता येणार नाही.

“मग आपल्याच रानात लावू की!” हे तुम्ही म्हणणारच होता. जरूर लावा. दोन मीटर बाय दोन मीटरनं एकरी हजार रोपं बसतात. १९९०च्या दशकात एका झाडामागं किती लाख मिळतील याची रंगीत पत्रकं छापून याच हिशेबावर सागवानाच्या कंपन्या निघाल्या होत्या. १९९९ साली सेबीनं अशा सामूहिक गुंतवणुकींना नियम लावले, तोवर बऱ्याच कंपन्या झाडांआधीच वठल्या होत्या. विरळणी कुणी केलीच नाही, त्यामुळं हजारातली बरीचशी झाडं काठीएवढीच राहिली. शिवाय साग हा निचऱ्याच्या जमिनीचा गडी. आपल्या काळ्या भारी रानात पावसाळ्यात पाणी धरलं की त्याची मुळं गुदमरतात. पंधरा-वीस वर्षांचं झाड कापलं तर आतला तपकिरी गाभा थोडा आणि बाहेरचा पांढरा थर जास्त, आणि वाळवीला पांढरा म्हणजे हुरडा. तोडायचं म्हटलं तर साग महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्यातलं अनुसूचित झाड. सातबाऱ्यावर नोंद, तोडीची परवानगी आणि मग वाहतुकीचा पास. यातलं काहीच नको असेल तर बांधावर लावा आणि नातवाला सांगून ठेवा.

माल वाळवण्यावर पैसा घालवू नका, असंही सुचवणारे भेटतील. एप्रिल-मेमध्ये आपली हवाच भट्टी असते, खरंय. पण उन्हात वाळतं ते वरचं. आतला ओलावा वीस टक्क्यांवर बसून राहतो आणि फळीच्या टोकांना चिरा जातात. तिकडं जर्मनीत हिवाळाभर घर तापवलेलं असतं. आठ ते दहा टक्क्यांपर्यंत भट्टीत वाळवलेलं नसेल तर टेबलाची फळी पहिल्याच ख्रिसमसला मधोमध उलते, आणि फोटोत फटीच्या अगदी शेजारी तुमचा हिरवा शिक्का येतो. तीन-चार हजारांचं ओलावा मीटर घ्या. नाहीतर शिक्का टेबलाच्या खालून चिकटवा.

पॅकिंगच्या पेट्यांचं एक वाक्यात: लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून ‘एचटी’चा, म्हणजे उष्णतेनं कीड मारल्याचा, ठसा मारलेलं पाहिजे, नाहीतर टेबल निर्दोष असून खोक्यापायी कंटेनर परत येतो.

राहता राहिलं सदतिसावं टेबल. त्याला लाकूड तुमच्याच घरी आहे. गावाकडच्या माळवदाच्या तुळया आठवा. १९९३ला किल्लारीचा भूकंप झाल्यापासून त्याखाली कुणी झोपत नाही, पण वर माती अजून तशीच आहे आणि खाली फूटभर जाडीचा साग. पणजोबांच्या वेळचा, नुसता गाभा, पांढरा औषधालाही नाही. त्यासाठी आज कुठंच झाड पडणार नाही. योगायोग असा, की एफएससीही १९९३चीच. तिच्याकडे पुनर्वापराच्या लाकडाला शिक्का आहे. फक्त माल जुनाच आहे याचा पुरावा लागतो. ऑडिटर विचारेल, “तुळईचं बिल?” पणजोबांचा जीएसटी नंबर तुमच्याकडं नसणार. घर उतरवताना जागच्या जागी तुळयांचे फोटो काढा, लांबी-रुंदी-जाडी वहीत टाका, ग्रामपंचायतीचा दाखला जोडा. मग कदाचित जमेल. नाही जमलं तर ते टेबल शिक्क्याशिवाय घरातच ठेवा.

कापायला नेण्याआधी तुळईवर चुंबक फिरवून घ्या. आत बोटभर लांबीचे लोहाराचे खिळे असतात, आणि पट्टी-करवतीचं पातं त्यावर गेलं की मिलवाला पात्याचे पैसे रोख घेतो, बिलाशिवाय.