ओळखीतलं हॉटेल असताना कागद कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, कंपनीच्या मीटसाठी बेळगावात हॉटेल घेताना अटी लेखी करून घ्या, असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की बेळगावात हॉटेलं ओळखीवर चालतात, मालकाला एक फोन केला की काम होतं, मी साध्या डीलर मीटलाही (कंपनीच्या विक्रेत्यांच्या बैठकीलाही) वकिली अटी घालायला सांगतोय, त्यानं मालक नाराज होणार, आणि मुख्य म्हणजे रूममागं तीनशे रुपये कसे तोडायचे ते मी लिहिलंच नाही.

पंधरा-वीस माणसं, एक हॉल आणि दुपारचं जेवण एवढंच असलं तर मी पण फोनवरच ठरवतो की. पण चाळीस रूम दोन रात्री म्हटलं की गोष्ट वेगळी होते. ओळख तुमची मालकाशी, बिल काढणार काउंटरवरचा पोरगा, आणि तो सिस्टीममध्ये जे दिसतंय तेच छापणार. मालक त्या दिवशी नेमका गोव्याला लग्नाला गेलेला असतो, मग काय करणार?

रेटचा हिशोब करूया. तीनशे तोडले तर ८० रूम-नाइटला (४० रूम, दोन रात्री) २४ हजार वाचले, चांगलंच आहे. आता समजा करारात आहे की ८० टक्के रूम वापरल्याच पाहिजेत, कमी पडल्या तर त्यांचे पैसे तुम्हीच भरायचे. पहिल्या रात्री २४ रूम भरल्या (सांगली-साताऱ्याकडची मंडळी नेहमी दुसऱ्या दिवशीच उगवतात) आणि दुसऱ्या रात्री ४०. दोन्ही रात्री मिळून मोजलं तर ६४ होतात, म्हणजे बरोबर ८० टक्के, एक रुपया द्यावा लागत नाही. पण हॉटेलनं रात्रीप्रमाणं मोजलं तर पहिल्या रात्री ३२ हव्या होत्या, ८ कमी पडल्या, ३५०० च्या रेटनं २८ हजार झाले, वर टॅक्स. तुमचे तोडलेले तीनशे गेले की सगळे! म्हणून मी रेटवर कमी आणि मोजणी कशी होणार यावर जास्त लिहिलं. ‘एकूण रूम-नाइट धरून’ एवढे शब्द घालायला कुठलाही मालक रागावत नाही, रेट तोडताना मात्र रागावतो.

डिसेंबरचं तर विचारूच नका. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाची इमारत, सुवर्ण विधानसौध, २०१२ ला झाली, आणि तिथं हिवाळी अधिवेशन लागलं की आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार सगळ्यांना रूम लागतात, त्यात लग्नाचे मुहूर्त. अशा वेळी वरून फोन आला तर तुमचा ओळखीचा मालक तरी नाही कसं म्हणेल? त्याला दोष देत नाही मी. पण कन्फर्म केलेली रूम देता आली नाही तर त्याच दर्जाच्या हॉटेलात सोय, फरकाचे पैसे आणि ने-आणीची गाडी हॉटेलची, हे आधी लिहिलेलं असलं की त्यालाही वर सांगायला कारण मिळतं. उलट बाजूनं पण बघा, तुम्ही सोडलेली रूम त्या दिवसांत तासाभरात दुसऱ्याला जाते, मग त्याच रूमचे पैसे तुमच्याकडून परत कशाला? ‘सोडलेली रूम विकली गेली तर आमच्याकडून आकार नाही’ ही ओळ बेळगावच्या डिसेंबरात सगळ्यात कामाची, आणि लोक तीच विसरतात.

जेवणाची प्लेट-गॅरंटी (किमान इतक्या प्लेटांचे पैसे देणारच, असा शब्द) तर तुम्हाला माहीतच आहे, दोन दिवस आधी शेवटचा आकडा द्यायचा आणि तो कमीच द्यायचा, जास्तीच्या प्लेटा कुठलंही किचन काढतं.

जीएसटीचं जरा लक्ष देऊन वाचा, आपल्या सीमेवर हे फार होतं. हॉटेल कर्नाटकात म्हणून टॅक्सही कर्नाटकचा लागतो, तुमचं हेड ऑफिस कोल्हापूरला असलं तरी. कोल्हापूरच्या जीएसटी नंबरवर बिल घेतलं तर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेला टॅक्स आपल्या देण्यातून वजा करणं, महाराष्ट्रात मिळत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात तुमचं युनिट असेल आणि त्याचा कर्नाटकचा नंबर असेल तर मीटिंग त्या युनिटच्या नावानं करता येते का ते सीएला आधीच विचारून ठेवा, चेकआउटच्या रांगेत नव्हे.

राहिला ‘नैसर्गिक आपत्ती’च्या अटीचा मुद्दा (अशा वेळी कार्यक्रम होऊ शकला नाही तर पैशाचं काय), ज्याला तुम्ही अमेरिकन थेर म्हणालात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पुरानं पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला होता, ते अमेरिकेत झालं का? सीमावाद पेटला की दोन्हीकडच्या एसटी थांबतात, फेब्रुवारी २०२५ ला पण थांबल्याच होत्या. हॉटेलच्या छापील कागदात बहुतेक वेळा हॉटेलच बंद पडलं तर काय एवढंच असतं. हॉटेल कोरडं, लाइट चालू, पण तुमची माणसं निपाणीच्या अलीकडं पलीकडं अडकलेली, तर ते त्यात बसत नाही. म्हणून रस्ता किंवा आंतरराज्य बससेवा बंद पडली तर ॲडव्हान्स पुढच्या तारखेला वळता करायचा, असं वेगळं लिहून घ्या. परत मागू नका, वळता मागा, त्याला लवकर होकार येतो.

कॅन्सलेशनला सगळा ॲडव्हान्स जप्त असं छापलेलं असलं तरी १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम ७४ वाजवी भरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. पण दीड-दोन लाखासाठी कोर्टात कोण जातंय, त्यामुळं किती दिवस आधी रद्द केलं तर किती कापायचे, याचे टप्पे आधीच पाडून घेतलेले बरे.

आणि हे सगळं ओळखीच्याच हॉटेलात मागा, अनोळखी मॅनेजर हेड ऑफिसला विचारतो म्हणून आठवडा घालवतो. तुमच्या मालकाला व्हॉट्सॲपवर चार ओळी टाका, त्यानं ‘ओके’ म्हटलं की तेच ईमेलवर कन्फर्म करायला सांगा, खाली हॉटेलचा शिक्का आला की झालं.